नोबेलवाले नव्हे, ते दुसरे एस. चंद्रशेखर: नागपूर विद्यापीठातून एमएस्सी झाले आणि रेणूंना चवड रचताना पाहिलं

मे महिना, अकोला, पारा ४५ च्या पुढे. कुणीतरी भर उन्हात गाडी लावून जातं आणि दुपारी परत येऊन बघतं, तर डॅशबोर्डवर राहिलेल्या कॅल्क्युलेटरचा पडदा काळाठिक्कर. आकडे गायब. गेलं कामातून, असं म्हणून माणूस तो खिशात टाकतो आणि घरी पंख्याखाली बसल्यावर पुन्हा काढतो, तर आकडे जागच्या जागी.

हा चमत्कार नाही. त्या पडद्याच्या दोन काचांमध्ये द्रव स्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल नावाचा पदार्थ भरलेला असतो. तो धड घन नाही, धड द्रवही नाही. पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात. ही शिस्त मात्र ठरावीक तापमानाच्या पट्ट्यातच टिकते. पट्टा ओलांडला की रेणू विस्कटतात, पडद्याचं काम बंद. थंड झालं की कुणीही न सांगता पुन्हा रांगेत.

कुणीही न सांगता, हे महत्त्वाचं. आज नॅनो पदार्थांच्या जगात ज्याला सेल्फ असेंब्ली किंवा स्वयंरचना म्हणतात, ती हीच. आणि या विषयात एक अख्खं नवं दालन उघडणारा माणूस नागपूर विद्यापीठातून एमएस्सी झाला होता. ज्या विद्यापीठाला त्या काळी अमरावती-अकोल्याची कॉलेजंही जोडलेली होती, तेच हे विद्यापीठ.

नाव एस. चंद्रशेखर. आता तुम्ही म्हणाल, हे तर नोबेलवाले, ताऱ्यांचा अभ्यास करणारे. नाही. ते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. हे शिवरामकृष्ण चंद्रशेखर. दोघांच्याही नावाची सुरुवात एस.ने, दोघंही भौतिकशास्त्रज्ञ, दोघंही लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो, दोघांनाही त्या सोसायटीचं रॉयल मेडल. एवढं कमी म्हणून की काय, दोघं एकमेकांचे भाऊ. नोबेलवाल्यांचे वडील हे सी. व्ही. रामन यांचे थोरले बंधू आणि या चंद्रशेखरांची आई सीतालक्ष्मी ही रामन यांची बहीण. म्हणजे एकाचे रामन काका, दुसऱ्याचे मामा. इंटरनेटवर आजही एकाच्या नावाखाली दुसऱ्याचा फोटो सापडला तर नवल वाटायला नको.

आपल्या चंद्रशेखरांचा जन्म ६ ऑगस्ट १९३० चा, कलकत्त्याचा. पुढे शिक्षण नागपूरला. १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठाची भौतिकशास्त्राची एमएस्सी, आणि तीही पहिल्या क्रमांकाने. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि वऱ्हाडचे चारही जिल्हे त्याच राज्यात होते. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या पोराला पदवी हवी असेल तर कागदावर शिक्का नागपूर विद्यापीठाचाच बसायचा. अमरावतीला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९८३ साल उजाडलं.

एमएस्सीनंतर चंद्रशेखर बंगलोरला मामांकडे गेले. रामन यांनी १९४८ मध्ये तिथे स्वतःची संस्था उभी केली होती, रामन रिसर्च इन्स्टिट्यूट. मामा असले तरी रामन यांच्या हाताखाली काम म्हणजे काही माहेरपण नव्हतं. त्यांचा स्वभाव कडक, अपेक्षा त्याहून कडक. चंद्रशेखरांना विषय मिळाला तो स्फटिकांचा. क्वार्ट्झसारख्या स्फटिकातून प्रकाश गेला की त्याच्या कंपनाची पातळी फिरते. किती फिरते आणि प्रकाशाचा रंग बदलला की त्यात काय फरक पडतो, हे मोजायचं. कंटाळवाणं वाटेल असं, बारकाईचं काम. पण याच कामाने त्यांची नजर तयार केली. डॉक्टरेटची पदवीही त्यांनी नागपूर विद्यापीठाकडूनच मिळवली.

तिथून १९५४ मध्ये शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत. तिथे दुसरी पीएचडी, यावेळी क्ष-किरण आणि न्यूट्रॉन स्फटिकात शिरल्यावर कसे विखुरतात यावर. मग लंडनमध्ये काही वर्षं संशोधन. तिकडेच राहिले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण १९६१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते म्हैसूर विद्यापीठात नव्याने सुरू होणाऱ्या भौतिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख म्हणून परतले.

नवा विभाग म्हणजे काय ते ज्यांनी नवं कॉलेज उभं राहताना पाहिलंय त्यांना सांगायला नको. खोल्या आहेत, उपकरणं नाहीत. उपकरणं आली तर ती दुरुस्त करणारा नाही. आणि त्यात संशोधनाचा विषय निवडायचा. केंब्रिजमध्ये करत होतो तेच पुढे करायचं ठरवलं, तर युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत प्रयोगशाळांच्या मागे कायमचं दहा वर्षं राहायचं. चंद्रशेखरांनी वेगळी वाट धरली. जगाने जवळजवळ अडगळीत टाकलेला विषय त्यांनी उचलला, तो म्हणजे द्रव स्फटिक.

हा विषय अडगळीत का पडला होता, हेही मजेशीर आहे. १८८८ मध्ये फ्रीड्रिख राइनिट्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरापासून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना असा एक पदार्थ सापडला, जो दोनदा वितळायचा. १४५.५ अंशाला वितळून गढूळ व्हायचा, १७८.५ अंशाला एकदम नितळ. मधल्या गढूळ अवस्थेचा पाठपुरावा ओटो लेहमान या जर्मन शास्त्रज्ञाने केला आणि ही पदार्थाची वेगळीच अवस्था आहे असं ठासून सांगितलं. त्यावर कित्येक वर्षं वाद झाले. वाद मिटले तेव्हा या गोष्टीचा उपयोग काय, हे कुणाला सुचेना. शास्त्रज्ञांसाठी ती एक गंमत उरली.

म्हैसूरला चंद्रशेखर कामाला लागले तेव्हा चित्र पालटायला नुकतीच सुरुवात होत होती. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने द्रव स्फटिकाचा पहिला पडदा जगाला दाखवला आणि अचानक सगळ्यांना या विषयाची आठवण झाली. तोवर म्हैसूरच्या या गड्याची काही वर्षांची तयारी होऊन बसली होती.

जुनं ज्ञानही वाया गेलं नाही. काही द्रव स्फटिकांत रेणूंचे थर एकावर एक थोडे थोडे वळत जातात, गोल जिन्यासारखे. त्यांच्यावर प्रकाश पडला की धातूसारखे चमकदार रंग दिसतात. काही भुंग्यांच्या पाठीवरचा हिरवा-सोनेरी झळाळ असाच येतो. हे रंग नेमके कसे तयार होतात, याचं गणित मांडताना चंद्रशेखरांनी केंब्रिजला क्ष-किरणांसाठी वापरलेली पद्धत इथे लावली. मामांकडे शिकलेलं प्रकाशाचं फिरणंही त्यात आलं. दोन वेगवेगळ्या पीएचड्या एका ठिकाणी उपयोगी पडण्याचं भाग्य फार कमी लोकांना लाभतं.

१९७० च्या नोव्हेंबरमध्ये रामन गेले. पुढच्याच वर्षी चंद्रशेखर बंगलोरला मामांच्या संस्थेत परतले आणि तिथे त्यांनी द्रव स्फटिक प्रयोगशाळा उभारली. इथे त्यांनी केलेली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, पण तिचं महत्त्व मोठं आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी रसायनशास्त्रज्ञ आणून बसवले. कारण सरळ होतं. नवा रेणू हवा असेल तर परदेशातून मागवून किती दिवस वाट बघायची? आपल्याच छताखाली बनला पाहिजे. बी. के. सदाशिव रेणू बनवणार, के. ए. सुरेश क्ष-किरणांनी त्यांची रचना तपासणार, असा संच जमला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

तोपर्यंत जगात माहीत असलेले हजारो द्रव स्फटिक एका बाबतीत सारखे होते. त्यांचे रेणू लांबट, काठीसारखे. डॅनियल फोरलँडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच असे ढीगभर रेणू बनवून नियम घालून दिला होता की रेणू जितका सरळ आणि लांब, तितका तो द्रव स्फटिक होण्याची शक्यता जास्त. ते पटण्यासारखंही आहे. कापूस वेचून झाल्यावर शेतातून उपटलेल्या पऱ्हाट्या आठवा. त्या कशाही टाकल्या तर ढिगाला जागा फार लागते. जास्त पऱ्हाट्या थोड्या जागेत मावायच्या असतील तर त्या एका दिशेने पडाव्या लागतात. काठीसारखे रेणूही तसेच एका दिशेने वळतात.

चंद्रशेखरांच्या डोक्यात प्रश्न आला, की काठीच कशाला? चकती का नाही?

पऱ्हाट्यांऐवजी भाकऱ्या घ्या. चुलीजवळ एकेक भाकरी उतरवून ठेवत गेलं की आपोआप चवड होते. रेणू भाकरीसारखा चपटा असेल तर त्यांचीही चवड व्हायला काय हरकत आहे? हरकत एकच होती. चपटे, कडक रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसतात की ते सरळ घन स्फटिकच होतात. आणि तापवले की थेट द्रव. मधली अवस्था येतच नाही.

त्यावरचा उपाय रेणूच्या आराखड्यात होता. मध्ये बेंझिनचं सहा कोनांचं कडक कडं. त्याच्या सहाही कोपऱ्यांना कार्बनच्या लांब, लवचिक शेपट्या. मधला भाग एकमेकांवर बसू पाहणारा, बाहेरचा भाग सतत वळवळणारा. शेपट्या जणू वितळलेल्याच असतात, म्हणून सगळं गोठून घट्ट होत नाही. आणि मधली चकती शेजारच्या चकतीला सोडत नाही, म्हणून सगळं विस्कटतही नाही. शेपट्या फार आखूड झाल्या तरी जमत नाही. पुरेशी लांबी साधली की मधली अवस्था दिसते. या रेणूंना बेंझिन हेक्झाअल्कॅनोएट म्हणतात.

सदाशिव यांनी हे रेणू बनवले. पावडर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हळूहळू तापवली. ऐंशी अंश सेल्सियसच्या आसपास, जेमतेम काही अंशांच्या चिंचोळ्या पट्ट्यात, घन वितळलं पण नितळ झालं नाही. मधली अवस्था आली होती. पट्टा इतका अरुंद की तापवणं थोडं घाईने झालं असतं तर निसटलाच असता.

पण सूक्ष्मदर्शकात काहीतरी दिसलं म्हणजे ती चवडच आहे, हे कशावरून? इथे क्ष-किरणांचं काम आलं. त्यातून जे चित्र निघालं ते आजही वाचताना थक्क करतं. चकत्यांचे खांब झाले होते. खांब एकमेकांशेजारी मधमाशांच्या पोळ्यासारखे नीट षटकोनी रचनेत उभे होते, म्हणजे त्या दोन दिशांनी बघितलं तर पक्का स्फटिक. पण एकाच खांबात वरपासून खालपर्यंत बघितलं तर चकत्यांमधलं अंतर कुठे कमी, कुठे जास्त. म्हणजे तिसऱ्या दिशेने द्रव. एकाच पदार्थात दोन दिशांना शिस्त आणि तिसरीला मोकळीक.

एका खांबाची जाडी साधारण दोन नॅनोमीटर. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या रुंदीत असे चाळीसेक हजार खांब शेजारी शेजारी उभे राहतील. आणि ते कुणी उभे केले नव्हते. कुठलं यंत्र नाही, साचा नाही, चिमटा नाही. रेणूचा आकार बरोबर निवडला आणि तापमान बरोबर ठेवलं, एवढंच. नॅनो पदार्थ घडवण्याची ही रीत वरून कोरून काढण्याच्या अगदी उलटी आहे. सुताराने लाकूड तासून खुर्ची करावी तसं इथे नाही. इथे तुकडेच असे बनवायचे की पिशवीत घालून हलवले की खुर्ची होऊन बाहेर यावेत. सगळी अक्कल तुकड्याचा आराखडा ठरवण्यात. नॅनोटेक्नॉलॉजी हा शब्द सामान्य माणसाच्या कानावर पडायच्या कितीतरी आधीची, १९७७ ची ही गोष्ट.

हा शोध त्यांनी छापला कुठे? लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या मोठ्या नियतकालिकात सहज जागा मिळाली असती. त्यांनी तो दिला प्रमाणला. प्रमाण हे भारतीय विज्ञान अकादमीचं भौतिकशास्त्राचं नियतकालिक, तेव्हा सुरू होऊन चारच वर्षं झालेली.

यात धोका होता आणि तो चंद्रशेखरांना घरातूनच माहीत होता. रामन यांचे आणखी एक भाचे, पंचरत्नम, यांनी १९५६ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, प्रकाशाबद्दल एक मूलभूत गोष्ट शोधून भारतीय नियतकालिकातच छापली होती. जगाचं तिकडे लक्षच गेलं नाही. १९८४ मध्ये ब्रिटनच्या मायकेल बेरी यांनी तशाच प्रकारची कल्पना मांडली, त्यानंतर लोकांनी मागे वळून पाहिलं. तोवर पंचरत्नम यांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. ते १९६९ मध्ये ऑक्सफर्डला असताना वारले, वय फक्त ३५. आज त्यांचं नाव पाठ्यपुस्तकांत आहे, पण ते बघायला ते नव्हते.

चंद्रशेखरांच्या बाबतीत तसं झालं नाही. प्रमाणमधला निबंध वाचला गेला, आणि लगेच वाचला गेला. फ्रान्समधल्या गटांनी वर्षभरात ट्रायफेनिलीन नावाच्या आणखी मोठ्या चकतीवर तेच करून दाखवलं. या पदार्थांना डिस्कोटिक हे नावही फ्रेंचांकडूनच आलं. भारतीय नियतकालिकात छापून जगभर सर्वाधिक संदर्भ दिल्या गेलेल्या निबंधांत त्याची गणना होते. आज असे चकतीवाले रेणू हजारोंच्या संख्येने माहीत आहेत.

त्याच वर्षी, १९७७ मध्ये, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचं लिक्विड क्रिस्टल्स हे पुस्तक काढलं. रशियन आणि जपानीत त्याची भाषांतरं झाली, १९९२ मध्ये दुसरी आवृत्ती आली. या विषयात पीएचडी करणाऱ्या कित्येकांच्या टेबलावर ते अजून असतं. शोध आणि ग्रंथ एकाच वर्षी, असं वर्ष एखाद्याच्याच नशिबी.

बरं, या चवडीचा उपयोग काय? पहिला मोठा उपयोग झाला तो कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागी. नव्वदच्या दशकातले लॅपटॉप आठवतात? समोरून बघितलं तर चित्र ठीक, जरा बाजूने बघितलं की रंग उलटेपालटे. दोष होता काठीसारख्या रेणूंचा. तिरप्या कोनातून प्रकाश आला की ते त्याला एका प्रकारे बिघडवतात. चकतीसारखे रेणू प्रकाशाला नेमकं उलट्या प्रकारे बिघडवतात. मग पडद्यावर चकत्यांच्या रेणूंची पातळ फिल्म चिकटवली तर? दोन बिघाड एकमेकांना खोडून काढतात. जपानच्या फुजी कंपनीने नव्वदच्या दशकाच्या मध्यात अशी फिल्म बाजारात आणली आणि ती संगणकांच्या पडद्यांवर सर्रास वापरली गेली. म्हणजे पऱ्हाट्यांचा दोष भाकऱ्यांनी काढला.

दुसरा उपयोग विजेचा, आणि खऱ्या अर्थाने नॅनोचा. चकत्यांच्या मधल्या कडक भागातून विद्युतभार एका चकतीवरून दुसरीवर उडी मारत जाऊ शकतो, आणि बाहेरच्या शेपट्या विजेला अडवतात. म्हणजे प्रत्येक खांब ही रबरी आवरण असलेली वायरच झाली, फक्त दोन नॅनोमीटर जाडीची. १९९४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी अशा खांबांतून भार किती झपाट्याने धावतो ते मोजून दाखवलं. पुढे याच जातीचे रेणू वापरून प्रयोगशाळेत सौर पेशीही बनवल्या गेल्या. शिवाय हा पदार्थ थोडा द्रव असल्यामुळे खांबात एखादी चकती तिरकी बसली तर ती पुन्हा सरळ होऊ शकते. सिलिकॉनच्या चिपला हे जमत नाही. तरीही बाजारात अशा वायरींचा सुकाळ झालेला नाही. सगळे खांब हव्या त्या दिशेला, मोठ्या पृष्ठभागावर, न तुटता उभे करणं हे अजून डोकेदुखीचं काम आहे.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९७२ चा भटनागर पुरस्कार, १९८३ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप, १९९४ चं रॉयल मेडल, १९९८ मध्ये पद्मभूषण आणि युनेस्कोचं नील्स बोर सुवर्णपदक. १९८२ मध्ये द्रव स्फटिकांची आंतरराष्ट्रीय परिषद बंगलोरला भरली. १९९० मध्ये या विषयाची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिचं पहिलं अध्यक्षपदही चंद्रशेखरांकडे आलं. तीस वर्षांपूर्वी रिकाम्या खोल्यांच्या विभागात ज्याने हा विषय घेतला, त्याच्याकडे आता सगळं जग बघत होतं.

त्याच १९९० मध्ये ते रामन इन्स्टिट्यूटमधून निवृत्त झाले. साठी झाली, आता आराम, असं त्यांनी केलं नाही. दुसऱ्याच वर्षी त्यांनी बंगलोरच्या जलाहळ्ळी भागात नवी संस्था काढली, द्रव स्फटिक संशोधन केंद्र. जागा दिली भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने. म्हैसूरला ३१ व्या वर्षी केलं तेच ६१ व्या वर्षी पुन्हा: खोल्या मिळाल्या, आता उपकरणं जमवा, पोरं जमवा.

८ मार्च २००४ रोजी बंगलोरला त्यांचं निधन झालं. त्यांनी काढलेली संस्था पुढे वाढत गेली आणि २०१४ मध्ये तिचं नाव बदललं. आता ती नॅनो आणि मृदू पदार्थ विज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाते.

आणि सुरुवातीच्या त्या कॅल्क्युलेटरचं? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी पडद्यांसाठी जो प्रसिद्ध पदार्थ बनवला, तो एकटा असताना साधारण २२ ते ३५ अंशांतच द्रव स्फटिक राहतो. अकोल्याच्या मे महिन्यात सकाळी दहालाच त्याने मान टाकली असती. म्हणून कंपन्या असे अनेक पदार्थ एकत्र मिसळून पट्टा रुंद करतात. तरी बंद गाडीतलं वऱ्हाडी ऊन कधीकधी त्या मिश्रणालाही भारी पडतं. तेव्हा पुढच्या वेळी पडदा काळा दिसला तर फेकू नका. सावलीत ठेवा, रेणू परत रांगेत येतील.